आधी तपव, मंग लाव : कीटकांच्या गोंदाची गोष्ट

तर झालं असं. गेल्या वर्षी परीक्षा लांबल्या आणि आमचा प्रोजेक्टचा व्हायवा आला थेट जूनच्या तिसऱ्या आठवड्यात. बाहेर धो धो पाऊस, वर्कशॉपच्या भिंतींना ओल, आणि आम्ही चौघं घामाघूम. प्रोजेक्ट साधंच होतं. आपल्या मेसमध्ये रोज ताटात टाकून दिलेलं अन्न मोजणारा इलेक्ट्रॉनिक काटा. अ‍ॅल्युमिनियमची एक पट्टी एका टोकाला घट्ट धरलेली आणि दुसऱ्या टोकाला बादली लटकवलेली. बादलीत वजन पडलं की पट्टी किंचित वाकते, तिच्यावर चिकटवलेला स्ट्रेन गेज ताणला जातो, त्याचा रेझिस्टन्स बदलतो आणि सर्किट त्यावरून वजन सांगतं. तत्त्व पुस्तकात दोन पानांत संपतं.

एक्स्टर्नल सरांनी पाच किलोचं वजन ठेवलं. काट्याने दाखवलं चार किलो शंभर. मिनिटभराने तीन किलो सहाशे. मग आणखी कमी. सर शांतपणे म्हणाले, "मेसवाल्याने पैसे चारलेत का रे तुम्हाला?" सगळे हसले, आम्ही सोडून. मग आमच्या गाइड सरांनी गेजच्या कोपऱ्याखाली नख घातलं आणि तो गेज वहीवरच्या लेबलसारखा अलगद निघून आला. मागे गोंदाचा पूर्ण थर तसाच आणि पट्टी मात्र लख्ख कोरी.

"गोंद बदलतो सर," मी म्हटलं.

सर म्हणाले, "गोंद चांगला आहे. तुम्ही तो पट्टीला लावलाच नाहीत. पट्टीवरच्या पाण्याला लावलात."

सुट्टीत घरी गेल्यावर हा किस्सा आबांना (म्हणजे माझ्या आजोबांना) सांगितला. आमचं गाव गोंदिया जिल्ह्यात. आबांनी आयुष्यातली तीसेक वर्षं पळसाच्या झाडांवर लाख घेतली. विळ्याचं पातं लाकडी मुठीत बसवायचं तर ते मुठीच्या भोकात लाखेचा चुरा भरायचे, पात्याचं टोक विस्तवावर धरायचे आणि तापलेलं टोक आत दाबायचे. लाख वितळायची, फटीफटीत शिरायची आणि निवली की विळा पक्का. माझी गोष्ट ऐकून ते एवढंच म्हणाले, "बाबू, आधी तपव, मंग लाव."

चार वर्षांच्या इंजिनीअरिंगने जे शिकवलं नाही, किंवा शिकवलं पण माझ्या डोक्यात शिरलं नाही, ते आबांनी चार शब्दांत सांगितलं. म्हणून मग परत आल्यावर लायब्ररीत बसून वाचायला घेतलं की ही लाख नेमकी काय आहे, ती करणारा किडा काय करतो, आणि असे गोंद आणखी कोण कोण करतं. त्यातून जे हाती लागलं, ते मित्रांनो, तुमच्यापुढे ठेवतो.

चिकटणं म्हणजे नेमकं काय?

कितीही गुळगुळीत दिसणारा पृष्ठभाग सूक्ष्मदर्शकाखाली धरला की तिथे डोंगरदऱ्या दिसतात. दोन पट्ट्या एकमेकींवर ठेवल्या तर शिखरं शिखरांना टेकतात आणि बाकी सगळी पोकळी राहते. गोंदाचं पहिलं काम या दऱ्यांत शिरण्याचं. म्हणजे तो आधी पातळ हवा, आणि पृष्ठभागावर पसरायला राजी हवा. स्वच्छ काचेवर पाण्याचा थेंब पसरतो आणि मेण लावलेल्या गाडीवर गोळा होऊन बसतो, हे आपण रोज बघतो. गोंदाचंही तसंच आहे. हाताचा तेलकटपणा, धूळ किंवा ओलाव्याचा पातळ पापुद्रा मध्ये असला तर गोंद खऱ्या पृष्ठभागापर्यंत पोचतच नाही.

दुसरं काम याच्या बरोबर उलट. एकदा आत शिरला की त्याने घट्ट व्हायचं, म्हणजे पाण्यासारखं वागून झाल्यावर दगडासारखं वागायचं. कधी पातळ राहायचं आणि कधी घट्ट व्हायचं, सारा गोंदशास्त्राचा अभ्यास या एका प्रश्नाभोवती फिरतो. ढोबळ मानाने तीन वाटा आहेत. एक, गरम करून वितळवा आणि निवू द्या. दोन, कशात तरी विरघळवा आणि तो द्रव उडून जाऊ द्या. तीन, रासायनिक क्रियेने रेणूंची एकमेकांशी गाठ मारा. आपल्या वर्कशॉपमधल्या गोंदांच्या ट्यूबा याच तीन वाटांनी जातात. कीटक मात्र या वाटांवरून माणूस जन्माला यायच्या कितीतरी आधीपासून चालत आहेत.

फांदीवरचा कारखाना

आधी एक गल्लत दूर करू. डिंक वेगळा, राळ वेगळी आणि लाख वेगळी. डिंक झाडाचा, पाण्यात फुगतो किंवा विरघळतो. आई हॉस्टेलला लाडू पाठवते तो हाच. राळही झाडाचीच, पण पाण्यात न विरघळणारी. लाख दिसायला राळेसारखी असली तरी ती झाड करत नाही, झाडावरचा किडा करतो. व्यापारात मोठ्या प्रमाणावर विकली जाणारी, प्राण्यापासून मिळणारी राळ ही एकच.

हा किडा म्हणजे केरिया लॅका. पाटण्याला असलेल्या जेम्स कर यांनी १७८१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात त्याचं वर्णन छापलं, त्यांच्याच नावावरून केरिया हे नाव पडलं. अंड्यातून निघालेलं पिल्लू लालसर आणि जेमतेम अर्धा मिलिमीटर. ते कोवळ्या फांदीवर रांगत जातं, जागा पसंत पडली की सोंड सालीत खुपसतं आणि झाडाचा रस प्यायला लागतं. मग अंगातून राळ सोडत राहतं. ती हवेत घट्ट होते. शेजारी शेजारी हजारो पिल्लं बसलेली असल्यामुळे त्यांची राळ एकमेकांत मिसळते आणि फांदीभोवती तपकिरी, खडबडीत पट्टा तयार होतो. मादीचे पाय कात टाकताना गळून जातात. एकदा बसली ती बसली, मरेपर्यंत तिथेच.

इथे मेकॅनिकलवाल्यांनी लक्ष द्यावं. स्वतःभोवती राळ ओतून घेतल्यावर श्वास कुठून घ्यायचा? मादी आपल्या कवचाला छिद्रं ठेवते आणि त्या छिद्रांतून मेणाचे पांढरे धागे बाहेर काढते. त्या धाग्यांमुळे राळ छिद्रांवर पसरून ती बुजवत नाही. आपण मोल्डला व्हेंट ठेवतो, तोच विचार. जिवंत लाखेची फांदी पांढुरकी, केसाळ दिसते ती यामुळे. आबा लांबूनच सांगायचे, "हे पीक जित्तं हाय."

म्हणजे किड्यासाठी लाख हा गोंद नाहीच मुळी, ते चिलखत आहे. ऊन, पाऊस आणि शत्रू यांपासून बचाव. तिचा गोंद केला तो माणसाने.

लाखेचे दोन मुख्य प्रकार. कुसुमाच्या, म्हणजे आपल्याकडच्या कोशिंबाच्या झाडावर येते ती कुसुमी, आणि पळस-बोरीवर येते ती रंगीनी. प्रत्येकीची वर्षाला दोन पिकं. रंगीनीची कतकी आणि बैसाखी, कुसुमीची अगहनी आणि जेठवी. नावं ऐकूनच कळतं की पंचांग शेतकऱ्याचं आहे. झाडाची छाटणी करून कोवळी फूट आणायची, मग पिल्लं बाहेर पडायच्या बेतात असलेल्या लाखेच्या काड्या, म्हणजे बीजलाख, फांद्यांना बांधायची. पिल्लं नव्या फांदीवर उतरली की साधारण तीन आठवड्यांनी रिकाम्या काड्या काढून घ्यायच्या, नाहीतर त्यांच्यातून लाख खाणाऱ्या पतंगांच्या अळ्या पिकात शिरतात. मग वाट पाहायची.

कापणीनंतर फांदीवरून खरवडलेली लाख कुटून पाण्यात धुतात. धुतलेलं पाणी लाल होतं. तो लाखेचा रंग, पायाला लावायचा अळता पूर्वी याचाच व्हायचा. एके काळी परदेशी व्यापाऱ्यांना राळेपेक्षा या रंगाचीच जास्त हाव होती. एकोणिसाव्या शतकात कृत्रिम रंग आले आणि लाखेच्या रंगाचा बाजार बसला, पण राळ टिकून राहिली. धुतलेले दाणे कापडाच्या लांब पिशवीत भरून भट्टीसमोर धरायचे आणि पिशवी पिळायची. कचरा आत राहतो, वितळलेली लाख बाहेर पाझरते. ती ताणून पातळ पापडासारखी केली आणि मोडली की झाला चपडा. फर्निचरवाल्याला विचारा, स्पिरिट पॉलिशसाठी तो हाच चपडा वापरतो. गोल चकत्या केल्या की बटन लाख.

लाख चिकटते का?

रसायनशास्त्रात लाख म्हणजे आम्लांच्या एकमेकांशी झालेल्या एस्टरांचं मिश्रण. त्यातलं मुख्य अ‍ॅल्युरिटिक आम्ल, सोळा कार्बनची साखळी आणि तिच्यावर तीन हायड्रॉक्सिल गट. म्हणजे एकाच रेणूत लांब तेलकट साखळी आहे आणि पाण्याशी सलगी करणारे गटही आहेत. हे गट लाकूड, काच, धातू यांच्या पृष्ठभागाशी धरून राहतात, आणि साखळ्यांमुळे लाख पाण्यात विरघळत नाही. त्यामुळे ती लाकडावरही बसते आणि काचेवरही.

साधारण ६५ ते ७० अंश सेल्सिअसला ती मऊ होते आणि थोडं पुढे गेल्यावर वितळते. म्हणजे पहिली वाट, गरम करा आणि निवू द्या. स्पिरिटमध्ये ती विरघळते, म्हणजे दुसरी वाटही खुली. आणि बराच वेळ तापवत ठेवली तर रेणू एकमेकांत गुंततात व पुन्हा वितळत नाहीत, ही तिसरी. एकाच पदार्थात तिन्ही वाटा! शिवाय ती वीज वाहू देत नाही. अभ्रकाचे पापुद्रे लाखेने जोडून इन्सुलेशनचे तक्ते करायची पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आली. मोटरच्या वाइंडिंगला लाखेचं वॉर्निश लागायचं आणि बल्बची काच पितळी टोपीला जोडायच्या सिमेंटातही लाख असायची. इलेक्ट्रिकलवाल्यांनो, तुमच्या ब्रँचचं बालपण या किड्याच्या अंगाखांद्यावर गेलं आहे.

घरातही ती आहेच. मंगळसूत्राच्या वाट्या आणि सोन्याचे पोकळ मणी यांच्या आत सोनार लाख भरतो, म्हणून पातळ पत्र्याला पोच येत नाही. सावंतवाडीची लाकडी खेळणी आणि गंजिफा चकाकतात त्या लाखकामाने. औषधाच्या काही गोळ्यांवर लाखेचा लेप असतो. लाख आम्लात विरघळत नाही पण अल्कलीत विरघळते, त्यामुळे गोळी पोटातल्या आम्लातून सुखरूप जाते आणि पुढे आतड्यात फुटते. आणि महाभारतातलं वारणावताचं लाक्षागृह तर सगळ्यांना ठाऊक आहे. पुरोचनाने ते लाखेचं बांधलं, कारण लाख भराभर पेटते. साहित्याचा गुणधर्म पाहून साहित्य निवडलं, हेतू मात्र वाईट होता.

तबकड्या आणि बॅकेलाइट

पण लाखेने खरं जग जिंकलं ते गाण्यातून. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून ग्रामोफोनच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या लाखेच्या होऊ लागल्या. तबकडी पूर्ण लाखेची नसते. बहुतेक भाग दगडाची बारीक पूड आणि ती पूड बांधून ठेवणारा गोंद म्हणजे लाख. गरम साच्यात दाबली की खाचेचा बारीकसारीक आकार ती हुबेहूब उचलते. दऱ्यांत शिरणं आणि मग घट्ट होणं, हे दोन गुण इथे अगदी कानाने ऐकू येतात. बालगंधर्वांची पदं ज्या तबकड्यांवर घरोघरी पोचली, त्यांना धरून ठेवणारा गोंद कुठल्या तरी पळसावर किंवा कोशिंबावर तयार झालेला होता. १९४२ मध्ये युद्धासाठी लाख हवी म्हणून अमेरिकेच्या सरकारने तबकड्यांसाठीच्या लाखेवर निर्बंध घातले, एवढं तिचं महत्त्व होतं. १९४८ मध्ये व्हिनाइलची एलपी आली आणि तो जमाना हळूहळू संपला.

त्याआधीच एक धक्का बसला होता. विजेच्या उद्योगाची लाखेची भूक वाढत चालली आणि ती महाग पडू लागली, तेव्हा अमेरिकेत लिओ बेकलंड हे रसायनशास्त्रज्ञ लाखेला पर्याय शोधत होते. त्या शोधातून १९०७ मध्ये जन्मलं बॅकेलाइट, पूर्णपणे कृत्रिम असलेलं पहिलं प्लास्टिक. म्हणजे आपण मटेरियल्सच्या पेपरला प्लास्टिकचा जो इतिहास घोकतो, त्याच्या मुळाशी "या किड्याशिवाय कसं भागेल?" हा प्रश्न आहे.

आपल्याकडेही गप्प बसले नव्हते. १९२४ मध्ये रांचीजवळ नामकुम इथे लाखेच्या संशोधनासाठी संस्था सुरू झाली. डॉरथी नॉरिस या तिच्या पहिल्या संचालक. किडा कसा वाढतो, त्याचे शत्रू कोण, कोणत्या झाडावर पीक चांगलं येतं, इथपासून लाखेच्या रसायनांपर्यंत सगळं तिथे अभ्यासलं गेलं. २००७ मध्ये नैसर्गिक राळ व गोंद संस्था आणि २०२२ मध्ये राष्ट्रीय दुय्यम कृषी संस्था अशी तिची नावं बदलत गेली. २०२४ मध्ये तिला शंभर वर्षं झाली. एका किड्याच्या राळेसाठी सुरू झालेली संस्था शंभरी गाठते, ही काही लहान गोष्ट नाही.

कोसा आणि मुंग्यांची ग्लू गन

लाखेचा गोंद माणसाने केला. रेशमात मात्र गोंद कीटकानेच मुद्दाम घातलेला असतो. रेशमाच्या किड्याच्या तोंडातून येणारा धागा एकेरी नसतो. आत फायब्रॉइन या प्रथिनाचे दोन तंतू आणि त्यांच्याभोवती सेरिसिन नावाच्या दुसऱ्या प्रथिनाचा चिकट लेप. तुतीच्या रेशमात वजनाचा साधारण चौथा हिस्सा हा लेपच असतो. अळी डोकं आठच्या आकड्यासारखं फिरवत धागा घालते, एक थर दुसऱ्याला चिकटतो, पाणी उडून जातं आणि कोष टणक होतो. तंतू आणि त्यांना बांधणारं द्रव्य, म्हणजे सरळ सरळ कॉम्पोझिट! कापडासाठी हा लेप साबण किंवा सोड्याच्या गरम पाण्यात काढून टाकतात, तेव्हा कुठे रेशीम मऊ होतं. गटारात जाणारं ते सेरिसिन जखमांवरच्या पट्ट्यांसाठी वापरता येईल का, याचाही आता अभ्यास चालू आहे.

आमच्या पूर्व विदर्भात टसरचा कोसा होतो. भंडारा-गडचिरोलीकडे ढिवर समाजाची माणसं ऐनाच्या झाडांवर अळ्या वाढवतात. टसरची अळी कोष नुसता पानात गुंडाळत नाही, आधी फांदीभोवती रेशमाचं कडं घालते, त्याला देठ काढते आणि त्या देठाला कोष टांगते. वारा, पाऊस काही येवो, कोष पडत नाही. तो इतका कडक असतो की सोड्याच्या पाण्यात उकळल्याशिवाय धागा सुटत नाही.

कोकणातल्या मित्रांना आंब्यावरच्या तांबड्या मुंग्यांची पानांची घरटी माहीत असतीलच, चावाही माहीत असेल. या विणकर मुंग्या रांगेने एकमेकींना धरून दोन पानं जवळ ओढतात. पण मोठ्या मुंग्यांना रेशीम करता येत नाही, ते फक्त अळ्यांकडे असतं. मग एक मुंगी आपल्या जबड्यात अळी धरते आणि तिचं तोंड या पानाला, त्या पानाला टेकवत फिरते. अळी धागा सोडते, पानं शिवली जातात. आपल्या प्रोजेक्ट लॅबमधली ग्लू गन हीच, फक्त त्यांची गन जिवंत आणि घरचीच लेकरं.

पाण्याखाली चिकटणारा

आता येतो माझ्या जखमेवर मीठ चोळणारा कीटक. सरांनी म्हटलं ना, मी गोंद पाण्याला लावला म्हणून? कॅडिसफ्लाय नावाच्या कीटकाची अळी आयुष्यभर तेच करते, आणि तिचं चिकटतं!

कॅडिसफ्लाय पतंगांचे जवळचे नातेवाईक. पतंगांच्या अळ्या जमिनीवर रेशीम काततात, यांच्या अळ्या ओढ्याच्या पाण्यात. सह्याद्रीतल्या ओढ्यांतही त्या असतात. दगड उलटा केला की वाळूच्या कणांची किंवा काडीकचऱ्याची छोटी नळी चिकटलेली दिसते, तिच्या आत ही अळी. ओलं, चिकट रेशीम आतून लावून ती एक एक कण जोडत जाते. कण कसला आहे याची तिला पर्वा नाही. ह्यूबर दुप्रा या फ्रेंच कलावंताने १९८० च्या दशकापासून या अळ्यांना वाळूऐवजी सोन्याचे कण आणि मोती दिले, तर त्यांनी सोन्यामोत्यांची घरं बांधली.

हे जमतं कसं? अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात रसेल स्ट्युअर्ट आणि चिंग शुएन वांग यांनी या रेशमाची रासायनिक तपासणी केली आणि २०१० मध्ये ती प्रसिद्ध केली. रेशमाच्या प्रथिनात सेरीन नावाचं अमिनो आम्ल भरपूर असतं. कॅडिसफ्लायमध्ये त्यातल्या पुष्कळ सेरीनना फॉस्फेटचा गट जोडलेला सापडला. फॉस्फेटवर ऋण भार, आणि कॅल्शियमच्या आयनावर धन भार. कॅल्शियम दोन-तीन फॉस्फेटांना एकत्र धरतो आणि साखळ्यांच्या गाठी बसतात. म्हणजे घट्ट व्हायला पाणी उडून जायची गरजच नाही. पतंगाचं रेशीम वाळून टिकतं, हे भिजूनच टिकतं. कॅल्शियम काढून घेतला तर धाग्याची ताकद जाते, हेही पुढे दिसलं. आणि धागा ताणला की या गाठी सुटतात, ताण गिळतात आणि सोडल्यावर हळूहळू पुन्हा बसतात. वाहत्या पाण्यात घर टिकवायचं तर असा शॉक अ‍ॅब्सॉर्बर हवाच.

या अभ्यासात डॉक्टरांना का रस असावा, हे सांगायला नको. माणसाचं शरीर आतून ओलंच असतं. टाक्यांऐवजी ओल्या ऊतीला चिकटणारा गोंद मिळाला तर किती शस्त्रक्रिया सोप्या होतील! ओढ्यातली अळी त्या दिशेने बोट दाखवते.

चिकटायचं आणि सुटायचंही

कायमचं चिकटणं एक वेळ सोपं. पण भिंतीवरून चालणाऱ्या किड्याला पावलोपावली चिकटायचं आणि सुटायचं असतं. अमेरिकेतल्या फ्लोरिडात बुटक्या ताडांवर एक निळसर भुंगेरा राहतो, हेमिस्फेरोटा सायनिया. कॉर्नेल विद्यापीठाच्या थॉमस आयस्नर आणि डॅनियल अ‍ॅनेशान्स्ली यांनी २००० मध्ये त्याचा अभ्यास छापला. त्याच्या सहा पावलांवर मिळून सुमारे ६०,००० केस आणि प्रत्येक केसाला टोकाशी दोन गाद्या. चालताना तो त्यातले थोडेच टेकवतो. मुंग्यांनी हल्ला केला की सगळी पावलं सपाट दाबतो, आणि तेलासारख्या द्रवाच्या पातळ थराने चिकटून बसतो. त्यांनी भुंगेऱ्याला दोरा बांधून ओढून पाहिलं, तर आपल्या वजनाच्या साठपट ओढ त्याने दोन मिनिटं सहन केली. साठ किलोच्या पोराने छत्तीसशे किलो पेलण्यासारखं हे झालं. मुंग्या कंटाळून जातात आणि मग साहेब चालू लागतात.

ओल्या काचेच्या दोन पट्ट्या एकमेकींवर ठेवून सरळ ओढून पाहा, सहजी सुटत नाहीत. तत्त्व काहीसं तेच. पण टेप सोडवताना आपण काय करतो? कोपरा उचलतो. सगळा जोर एका रेषेवर येतो आणि बाकीचा टेप आपोआप सुटत जातो. माझ्या गेजच्या कोपऱ्याखाली सरांचं नख गेलं तेव्हा हेच घडलं. सांधा करताना ओढ सरळ येईल, कोपऱ्यावर येणार नाही असं बघावं, हा धडा भुंगेरा आणि सर दोघांनी मिळून दिला.

करून बघा

हार्डवेअरच्या दुकानातून थोडा चपडा आणि पॉलिशचं स्पिरिट आणा. काचेच्या बरणीत चपडा स्पिरिटमध्ये बुडवून झाकण लावून रात्रभर ठेवा, मधूनमधून हलवा. (रूमवर नको, आणि शेगडी-हीटरजवळ तर मुळीच नको. स्पिरिट पेटतं, आणि रेक्टर सर त्याहून जास्त.) लाकडाच्या आइसक्रीमच्या काड्यांच्या तीन जोड्या घ्या. एक जोडी कोरडी आणि पॉलिशपेपरने घासलेली, दुसरी तेलाचा हात फिरवलेली, तिसरी पाण्यात भिजवलेली. दोन्ही काड्यांना लाख लावा, जोडा, वजन ठेवा आणि दोन दिवस वाळू द्या. मग एकेक सोडवून बघा आणि मुख्य म्हणजे सुटलेली बाजू बघा. लाख दोन्ही काड्यांवर राहिली तर गोंद तुटला. एकीवर सगळी आणि दुसरी कोरी असेल तर गोंद चिकटलाच नव्हता. आमची पट्टी कोरी होती, हे मी वर सांगितलंच आहे.

शेवटी काट्याचं

परत आल्यावर आम्ही पट्टी पॉलिशपेपरने घासली, अ‍ॅसिटोनने पुसली, हात न लावता बल्बखाली कोमट केली आणि मगच गेज चिकटवला. गोंद तोच, आधीचाच. वर्कशॉपमधले मामा बघत होते. म्हणाले, "एवढं तर पहिल्या दिवशीच सांगितलं होतं." खरं होतं. सांगितलं होतं, आणि आम्ही घाईत सोडून दिलं होतं.

आबांना फोनवर हे सांगितलं. खूश झाले. मी विचारलं, यंदा बीजलाख बांधणार का? ते थोडे थांबले. एका वर्षी भाव पडतो, दुसऱ्या वर्षी भर उन्हाळ्यात झळ लागून किडाच मरतो, मग हळूहळू लोक पळस तोडून शेत वाढवतात. आमच्या बांधावरचेही बरेच गेले. "बांधीन म्हनतो दोन झाडायले," ते म्हणाले, "पन छाटाले फांदीवर कोन चढन?"

या दिवाळीत मी जाणार आहे. फांदीवर चढायचं काम माझं.

काटा आता मेसमध्ये बसवला आहे. टाकून दिलेल्या अन्नाचा रोजचा आकडा ताटं धुवायच्या जागेवरच्या फळ्यावर लिहिलेला असतो. तो आकडा आता खरा आहे, हे मी छातीठोकपणे सांगतो. तो कमी करणं मात्र गोंदाच्या हातात नाही, तुमच्या-आमच्या हातात आहे.